कोरा माणूस

केळुसकर बाईंसमोर 'समजलं' म्हणायची सोय नाही. आपण सहज म्हणून जातो. खरं तर समोरच्याचं बोलणं संपावं म्हणूनच म्हणतो. पण बाई तिथंच धरतात. "काय समजलं? सांगा बघू." आमच्या वॉचमनला त्यांनी एकदा कुरियरवाल्याबद्दल काहीतरी सांगितलं. तो बिचारा 'समझा मॅडम' म्हणाला आणि फसला. गेटवर उभं करून बाईंनी त्याच्याकडून सगळं परत वदवून घेतलं. तेव्हापासून बाई जिन्यात दिसल्या की तो पाण्याचा पंप बघायला जातो.

मी चौथी शिकलेला. पुढे त्याचा संबंध येतो म्हणून सांगतो, लाज वाटते म्हणून नाही. चौथीच्या शिक्षणावर मी भांडुपच्या चढावर पिठाची चक्की टाकली, उभं आयुष्य चालवली, पोरगा ग्रॅज्युएट केला, घर घेतलं. आता लोक पिशवीतलं पीठ आणतात. चक्की बंद आहे आणि मी घरी आहे.

बाईंची ओळख चक्कीवरचीच. त्या मुलुंडच्या एका कॉलेजात बायोलॉजी शिकवायच्या. डबा घेऊन स्वतः यायच्या. "ज्वारी बारीक, गहू मध्यम. आधी कुणाचा मका दळला असेल तर चक्की रिकामी करून मग माझं टाका."

"समजलं," मी म्हटलं.

"काय समजलं?"

मागे बायका रांगेत उभ्या. त्या हसायला लागल्या. माझ्या तोंडात गावची भाषा आली. "बाई, माका काय शिकवतास? मी दळूक बसलंय, परीक्षेक नाय."

"दळताना चुकलात तर पिठाचं परत धान्य होत नाही, तावडे."

मी डबा उचलून त्यांच्या हातात दिला. त्या शांतपणे वरच्या चक्कीवर गेल्या. पुढच्या आठवड्यात परत माझ्याकडे. "तो पीठ जाळतो," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर मी त्यांचं सांगणं तोंडातल्या तोंडात पुटपुटायचो आणि त्या ऐकल्यासारखं करायच्या. बरीच वर्षं आमचं एवढंच बोलणं. पुढे मी ह्या सोसायटीत घर घेतलं तर समोरचं दार त्यांचं निघालं. मला वाटलं, आता रोजची परीक्षा.

बाई एकट्या. लग्न का केलं नाही हे विचारायची कुणाची टाप नाही. एक भाचा आहे कांदिवलीला, तो गणपतीत येऊन जातो. घरात फ्रिजवर एका बाटलीत तारामासा आहे. कॉलेज जुन्या बाटल्या टाकून देत होतं, तेव्हा ह्या त्याला रिक्षात बसवून घेऊन आल्या. पाहुण्यांना त्याच्याकडे पाठ करून चहा प्यावा लागतो. बाईंची पेन्सिल ब्लेडनं तासलेली, सुईसारखी, आणि ती कुणालाही द्यायच्या नाहीत. पोस्टमनला सहीसाठी पेन देतील. पेन्सिल नाही.

आणि हल्ली हल्ली त्यांचं अजून काही सुरू झालं होतं. घड्याळ डाव्या हातातून उजव्या हातात आलं. उकाड्यातसुद्धा ब्लाउज लांब बाहीचा. डाव्या हातात साधी भाजीची पिशवी धरायच्या नाहीत. आणि पाणी मोजून प्यायच्या. औषधाच्या बाटलीच्या झाकणाएवढी पेली होती त्यांची, तिच्यात ओतून. मी मनात म्हटलं, पेन्शन पुरत नसेल म्हणून पाण्यातही काटकसर करतायत.

तर माझी नात ऋतुजा. सायन्सला गेली आणि पहिल्याच वर्षी तिला बायोत केटी लागली. केटी म्हणजे वर्ष पुढे सरकतं पण तो विषय मानेवर बसून राहतो, परत पेपर देऊन सुटेपर्यंत. सुनील, म्हणजे माझा मुलगा, जेवताना म्हणाला, "दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता सगळं इंग्लिश. नाही झेपत तर सोडूया ना. घाटकोपरला माझ्या मित्राचं मोबाइलचं दुकान आहे. काउंटरला मुलगी हवीय त्याला."

"परत एकदा बसू दे," मी म्हटलं.

"एकदाच. ह्या वेळी केटी सुटली नाही तर कॉलेज बंद. मग मला काही बोलू नका, आबा."

ऋतुजा उठली. ताट उचलून गेली. मग गॅलरीत बसून पुस्तकात पिवळ्या पेनानं रेघा ओढत राहिली. मी पाठीमागे उभा राहून बघितलं. सबंध पान पिवळं झालं होतं तरी तिचा हात थांबेना.

दुसऱ्या दिवशी तिला धरून समोरच्या दारात नेली.

बाईंनी पुस्तक हातात घेतलं, चाळलं. पिवळं, गुलाबी, हिरवं. "ह्याला कावीळ झालीय," म्हणाल्या. "सगळंच महत्त्वाचं? मग बिनमहत्त्वाचं काय? किती तास बसतेस?"

"रात्री दोनपर्यंत, मॅडम."

"झोपतेस कधी? आणि मोबाइल कुठं असतो?"

"बाजूला. सायलेंटवर असतो."

"पुस्तक मिट आणि सांग. पेशी म्हणजे काय?"

ऋतुजानं इंग्रजीतून धडाधड म्हणून दाखवलं. मध्ये कुठं अडली नाही. मला तर अभिमानच वाटला. हिला नापास करणारे मास्तर कोण ते एकदा बघायला हवेत असं वाटलं.

"छान. आता हेच तुझ्या आजोबांना सांग. मराठीत."

पोरीनं तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं. "आबा, पेशी म्हणजे... ती असते... सगळ्यांच्यात..." पुढे काही येईना. तिचे डोळे भरायला लागले. मला बघवेना. मी म्हणालो, "समजलं, समजलं."

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

"काय समजलं, तावडे?"

फ्रिजवरचा तारामासासुद्धा माझ्याकडे बघतोय असं वाटलं.

"पाठ झालं म्हणजे आलं असं नाही," बाई तिला म्हणाल्या, मला नाही. "मी शिकवीन. रोज चारला. पण एका अटीवर. हे सोबत बसतील. तू जे शिकशील ते ह्यांना सांगायचं. ह्यांना परत सांगता आलं तरच तो धडा झाला. मला असाच कोरा माणूस हवा होता."

"कोरा कोण?" मी विचारलं.

"तुम्ही."

मी उठून घरी आलो. मी काय वही आहे? उभी चक्की एकट्यानं खोलून परत जोडणारा माणूस मी, आणि ही बाई मला नातीसमोर कोरा म्हणते. दुसऱ्या दिवशी चार वाजले, मी हललो नाही. टीव्ही लावून बसलो. ऋतुजा आत आली आणि टीव्हीसमोर उभी राहिली.

"आबा, तुम्ही नाही आलात तर मॅडम शिकवणार नाहीत."

"दुसरा कुणी आण. वॉचमनला आण."

"वॉचमन बारावी आहे."

मग काय करतो. शर्ट घातला आणि गेलो.

बाईंचे नियम मी तुम्हांला सांगतो. ते सगळे माझ्याच डोक्यावर आपटलेले आहेत. रंगीत पेनं बंद. मोबाइल तांदळाच्या डब्यात, झाकण लावून, आणि डबा बाईंच्या मांडीजवळ. वर्गात जे शिकवणार ते आदल्या दिवशी नुसतं चाळायचं. वर्गातून आलं की त्याच दिवशी पुस्तक मिटून, आठवेल तेवढं लिहायचं, आणि मग पुस्तक उघडून आपण काय विसरलो ते बघायचं. "विसरलेलं सापडणं हाच अभ्यास," म्हणायच्या. "आठवतं ते वाचत बसणं म्हणजे आरशात बघणं." आकृती एका रेघेत, छाया नाही, नक्षी नाही, नावं सगळी उजव्या बाजूला. आणि अकराला झोप. ह्यावर ऋतुजा म्हणाली, "मॅडम, माझ्या मैत्रिणी रात्रभर जागतात." बाई म्हणाल्या, "घुबडही जागतं. त्याला कुठं डिग्री मिळाली?"

माझ्यासाठी एकच नियम. समजल्याशिवाय मान हलवायची नाही.

आता कोरा माणूस म्हणून बसलेला मीच. मान न हलवण्यात माझा हात कोण धरणार? पान उन्हात स्वतःचं जेवण करतं असं ऋतुजानं सांगितलं. मी विचारलं, "मग रात्री उपाशी झोपतं?" पोर अडकली. बाईंकडे बघायला लागली. बाई खिडकीकडे बघत बसल्या. "मी उत्तर देणार नाही. प्रश्न तुला विचारलाय." दुसऱ्या दिवशी ती शोधून आली, समजावलं, मी म्हटलं अजून नीट सांग. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ती चिडली.

"आबा, तुम्ही मुद्दाम करताय ना?"

"मुद्दाम कशाला? कोरा माणूस आहे मी."

बाईंच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा, आणि तेवढंच.

पचनाच्या धड्याला मात्र मला वाटलं, हा प्रांत आपला. मी म्हटलं, "पोट म्हणजे चक्कीच की. वरून टाका, खाली पीठ." बाई म्हणाल्या, "पोट चक्की नाही. चक्कीत धान्याचं पीठ होतं, पोटात पिठाचा माणूस होतो." मी म्हटलं, "पण दळतं तर खरं." त्या म्हणाल्या, "तुम्ही ऐकायला बसलात, शिकवायला नाही." तीन दिवस मी चक्कीचं नाव काढलं नाही.

बाई आम्हांला कपभर चहा द्यायच्या, केळं द्यायच्या. स्वतः काही नाही. फार तर बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसायच्या. पाय स्टुलावर. पाय सुजलेले दिसायचे. मी एकदा म्हटलं, "बाई, डॉक्टरला दाखवा." "दाखवलंय," म्हणाल्या. "पुढचं पान."

पोरगी सुधारत होती. मला दिसत होतं. आधी माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघायची, आता माझ्या तोंडाकडे बघायची, कुठं माझं डोकं अडलंय ते शोधत. पण सुनील घरी रोज विचारायचा, "काय, काउंटर की कॉलेज?" चेष्टेनं विचारायचा, पण विचारायचा. ऋतुजा मग भात तसाच ठेवून उठायची.

परीक्षा जवळ आली तेव्हा किडनीचा धडा आला. त्या दिवशी बाई आमच्यासोबत टेबलाशी बसल्या नाहीत. खिडकीपाशी खुर्ची ओढून पाठमोऱ्या बसल्या. ऋतुजानं एका रेघेत किडनी काढली. छान सांगितलं. रक्त येतं, गाळलं जातं, चांगलं परत जातं, नको ते लघवीतून बाहेर. माझ्या डोळ्यांपुढं चाळण आली, पण मी जीभ आवरली.

"आणि गाळायचं बंद पडलं तर?" मी विचारलं.

"मग डायलिसिस, आबा. मशीनवर जायचं. रक्त बाहेर काढून धुतात आणि परत आत सोडतात."

"एकदा धुतलं की झालं?"

"नाही. कायम जावं लागतं. आठवड्यातून दोनदा, तीनदा."

"ते मशीनचं झालं. माणसाचं काय होतं पुढे?"

बाई खिडकीतूनच म्हणाल्या, "तो प्रश्न परीक्षेला येत नाही."

"येतो मॅडम," ऋतुजा म्हणाली. "डायलिसिस गेल्या वर्षीच आलं होतं."

"मग तू पेपरात लिही. तावड्यांना नको. पुढची आकृती काढ."

माझा प्रश्न तसाच राहिला. मला राग आला. कोरा माणूस म्हणून बसवता आणि प्रश्न विचारला तर तोंड फिरवता. पण त्यांची पाठ बघून मी तो गिळला. पाठ ताठ होती. नेहमीपेक्षा जास्तच.

परीक्षेच्या सकाळी बाई आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "गेटवर उभी राहून वाचू नकोस. मैत्रिणी घाबरवतील, त्यांच्याजवळ थांबू नकोस. प्रश्न वाचलास की आधी तावड्यांचं तोंड आठव आणि मग लिही." ऋतुजा हसली. परीक्षेला जाताना कुणी माझं तोंड आठवावं असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

केटी सुटली. मार्क काही आकाशाला लागले नाहीत, पण सुटली. सुनीलनं स्वतः पेढे आणले. मोबाइलच्या दुकानाचा विषय त्यानं काढला नाही, मी मात्र दोनदा काढला. बाईंकडे पेढा घेऊन गेलो तर त्यांनी नखाएवढा तुकडा मोडून घेतला आणि म्हणाल्या, "पास झाली म्हणजे आलं असं नाही." पण ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवला. उजवा.

मग ऋतुजाचं पुढचं वर्ष सुरू झालं. ती आता लायब्ररीत बसते, मैत्रिणींना शिकवते. एकदा फोनवर कुणाला तरी म्हणत होती, "समजलं म्हणू नकोस यार, सांग काय समजलं." तिला आता माझी गरज नाही. बाईंचीही नाही. मी बाईंना जिन्यात म्हटलं, "येत नाही हो ती आता." त्या म्हणाल्या, "यायची थांबते, म्हणजे शिकली."

खरं असेल. पण चार वाजता मी शर्ट घालायचो आणि मग खुर्चीत बसून राहायचो. चक्की बंद झाली तेव्हाही काही दिवस असंच झालं होतं, सकाळी उठून किल्ली शोधायचो. समोरचं दार बंद असायचं. आतून काही आवाज नाही. बाई बाहेर निघाल्या तर रिक्षानं कुठंतरी जायच्या आणि उशिरा यायच्या, भिंतीला हात लावत. वॉचमन त्यांना बघून पळायचा बंद झाला. उलट दार उघडून उभा राहायचा. त्याला माझ्याआधी काहीतरी दिसलं असावं.

एक दिवस बरोबर चारला बेल वाजली. दारात बाई. हातात कोरा कागद आणि पेन्सिल.

"तावडे, वेळ आहे?"

"वेळच आहे, बाई. बसा."

बसल्या. थोडा वेळ दम खाल्ला. मी पाणी आणलं, त्यांनी हातानं नको म्हटलं. मग टेबलावर कागद ठेवून किडनी काढली. एका रेघेत. नावं उजव्या बाजूला. रेघ सरळ आली.

"तुमचा एक प्रश्न राहिला होता," म्हणाल्या.

आणि शिकवायला लागल्या. वर्गात शिकवतात तसं. किडनी हळूहळू आक्रसते. माणसाला आधी कळत नाही. मग पाय सुजतात. मग पाणी मोजून प्यावं लागतं. केळं बंद. औषधांवर जितकं ढकलता येईल तितकं डॉक्टर ढकलतात. मग एक दिवस म्हणतात, आता मशीन. मी ऐकत होतो. पाण्याची पेली आठवली, बर्फाचा खडा आठवला. पेन्शनची काटकसर समजलो होतो मी ती.

कागदाकडे बोट करून मी विचारलं, "बाई, ही कुणाची?"

"माझी."

बाईंनी डाव्या हाताची बाही वर केली. मनगटाच्या वर एक शीर जाड, वेडीवाकडी फुगलेली.

"मशीनची सुई इथं लावतात. त्यासाठी आधी ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या जोडतात. हात लावून बघा."

मी हात मागे घेतला. परक्या बाईच्या हाताला असा कसा हात लावायचा.

"प्रात्यक्षिक आहे, तावडे. लाजू नका."

मी दोन बोटं टेकवली. आत घरघरत होतं. पट्टा चढवून चक्की सुरू केली की लाकडी चौकटीवर हात ठेवल्यावर लागायचं, तसं. मला वाटलं होतं ती थरथर मला परत कधी हाताला लागणार नाही. मी बोटं लगेच काढली नाहीत. त्यांनीही हात काढून घेतला नाही.

"सोमवारपासून," बाई म्हणाल्या. "आठवड्यातून तीनदा. डॉक्टर आधीच सांगत होते. मी म्हटलं, परीक्षा होऊ दे. मग औषधांवर अजून थोडं ढकललं."

"पोरीला सांगायचं होतंत. मला सांगायचं होतंत."

"तिनं मग किडनीचा धडा रडत वाचला असता."

"भाच्याला सांगितलंत?"

बाहीचं बटण लावायला त्यांना वेळ लागला. "फोन हातात घेते. सुरुवात नीट येत नाही. आजवर इतक्या पोरांना शिकवलं, पण हे एक सांगताना अडखळते. म्हणून म्हटलं, आधी कोऱ्या माणसाला सांगून बघावं. त्याला सांगता आलं तर पुढे जमेल."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. आम्ही दोघं ते ऐकत राहिलो.

मग बाईंनी माझ्याकडे बघितलं. जो शब्द त्यांनी आयुष्यभर कुणाला बोलू दिला नाही, तोच त्यांच्या तोंडून आला.

"समजलं?"

मला सगळं समजलं होतं. पहिल्यांदा एखादा धडा मला पहिल्या झटक्यात समजला होता. पुस्तक मिटून मी तो शेवटपर्यंत म्हणून दाखवला असता.

"नाही समजलं," मी म्हटलं. "उद्या परत सांगावं लागेल."

बाई बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, पेपर तपासताना बघत असतील तसं.

"ढ आहात हो तावडे," म्हणाल्या.

भिंतीला हात धरून उठल्या. मी दारापर्यंत सोबत गेलो, समोरचं दार उघडून आत जाईपर्यंत उभा राहिलो. परत येऊन बघतो तर कागद टेबलावरच होता, आणि त्यावर त्यांची पेन्सिल.

मी पेन्सिलीला हात लावला नाही. उद्या चारला लागणार होती.